कोऱ्या पानाचं गाव

आईची टेलिफोनची डायरी आडनावांप्रमाणे लावलेली नव्हती, गावांप्रमाणे होती. 'क'वर कराड, कोल्हापूर, कुडाळ. 'न'वर नगर, नाशिक आणि नागपूरचे काका. 'र'वर रत्नागिरीचा मामा आणि त्याच्याखाली रहिमतपूरच्या एक बाई, ज्या आमच्या नक्की कोण लागतात हे आईलाही दर वेळी बोटांवर मोजून सांगावं लागे. एसटीला जिथं थांबा, तिथं आईची कोणी वहिनी, कोणी वन्सं, अगदीच काही नाही तर माहेरच्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहणारं कोणीतरी असायचंच. 2001च्या जूनमध्ये, विसावं सरल्यावर, मी ही डायरी मांडीवर घेऊन बसले ती मात्र उलट्या कामासाठी. मला असं गाव हवं होतं, ज्याचं पान कोरं आहे.

तोवर मी प्रवास केलाच नव्हता. आमच्या घरात प्रवास नसायचा, 'जाणं' असायचं. लग्नाला जाणं, मुंजीला जाणं, दहाव्याला जाणं. रत्नागिरीचा समुद्र मी चारदा पाहिला, तो चारही वेळा दुपारचा चहा आणि दिवेलागण यांच्यामध्ये, मामीच्या "लवकर या गं"च्या अंतरावर.

खरं तर आम्ही पाचजणी जाणार होतो. एकीला गोवा हवा होता, एकीला मनाली. मनालीवालीनं वहीच्या मागच्या पानावर खर्च मांडला आणि तिथल्या तिथं ते पान फाडून त्याच्यात भजी घेतली. तिसरीच्या दादानं नाही म्हटलं, चौथीचं ठरलं (म्हणजे लग्न). उरलो दोघी. माझ्याकडे चौथीतल्या दोन व्रात्य मुलांना वर्षभर गणित शिकवून साठवलेले 1,800 रुपये, आणि मैत्रिणीकडे 1,650 रुपये, शिवाय आतेभावाचा कॅमेरा, त्यात 36 फोटोंचा एक रोल.

एवढ्या भांडवलावर भारतभ्रमण होत नाही, पण एसटीचा पास निघतो. त्या योजनेचं नावच 'आवडेल तेथे कोठेही प्रवास'. सरकारी कागदावर इतकं मोकळंढाकळं नाव मी दुसरं वाचलेलं नाही. पास ठरावीक दिवसांचा, आणि त्या काळी त्याचे दर दोन. 15 ऑक्टोबर ते 14 जून गर्दीचा हंगाम, तेव्हा महाग. 15 जून ते 14 ऑक्टोबर कमी गर्दीचा, तेव्हा स्वस्त. कमी गर्दीचा हंगाम म्हणजे शहाणी माणसं ज्या हंगामात घरी बसतात तो. आम्ही भर जुलैतला काढायचा आणि सात दिवस फिरायचं ठरवलं. साध्या गाड्यांचा हा पास रात्रीच्या गाडीलाही चालतो हे कळल्यावर तर मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. जी रात्र गाडीत काढली, त्या रात्रीचं लॉजभाडं वाचलं. सातातल्या तीन रात्री आम्ही एसटीच्या बाकावर काढायच्या असं ठरवून टाकलं. विसाव्या वर्षी पाठ ही आपल्याला आहे हेच माणसाला ठाऊक नसतं.

मग निवड. खाली सतरंजीवर महाराष्ट्राचा नकाशा, शेजारी डायरी. जिथं नातेवाईक, तिथं पेन्सिलीची फुली. अर्ध्या तासात कोकण गेलं, पश्चिम महाराष्ट्र गेला, खानदेशात जळगाव, धुळे गेलं. नकाशाला गोवर आल्यासारखा दिसायला लागला. बुलढाणा जिल्ह्यात मात्र एकही फुली नव्हती, आणि त्या जिल्ह्याच्या दक्षिणेच्या टोकाला लिहिलं होतं, लोणार. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात त्याचं एक काळपट चित्र होतं. उल्का पडून बेसॉल्टच्या खडकात झालेलं विवर, पावणेदोन किलोमीटरहून थोडं रुंद, सुमारे दीडशे मीटर खोल, तळाशी खारं पाणी. शेवटी ते 'जोड्या लावा'मध्ये यायचं. आम्ही जोडी लावली.

"तिथं आहे काय?" आईनं विचारलं.

"खड्डा."

"खड्डे बघायला एवढ्या लांब? आपल्या गल्लीत कमी आहेत?"

परवानगी खड्ड्यामुळे मिळालीच नाही. ती मिळाली शेगावमुळे. शेगाव त्याच जिल्ह्यात, आणि येताना गजानन महाराजांचं दर्शन घेऊन भक्तनिवासात उतरू, असं म्हटल्याबरोबर आमचं साहस एकदम सोवळ्यात आलं. तरी आईनं दोन दिवस फोन फिरवलेच. तिसऱ्या दिवशी विजयी चेहऱ्यानं म्हणाली, "थोरल्या वहिनींच्या भाचीचं सासर मेहकरचं आहे. लोणारच्या अगदी जवळ."

"आई, हे नातं नाही. ही अफवा आहे," मी म्हटलं. भाचीचं नाव, पत्ता काही न घेता मी बॅग भरायला गेले.

पुण्यातल्या शिवाजीनगरहून रात्रीची गाडी. कंडक्टरनं पास उलटा केला, सुलटा केला, दिव्यासमोर धरला आणि ड्रायव्हरला ओरडून विचारलं, "हे चालतं का ओ?" पुढच्या सात दिवसांत हे प्रत्येक गाडीत झालं. खिडकीची काच वर राहत नव्हती, ती धपाट्यांच्या पुडक्यानं अडवली. वाटेत वेरूळ पाहिलं, त्याबद्दल इथं लिहीत नाही. कैलास लेणं कळसापासून पायापर्यंत, वरून खाली कोरलेलं आहे. आमचा हिशेब त्या दिवशी त्याच दिशेनं चालला होता, एवढंच सांगते. जालन्याहून सिंदखेडराजा. जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा भर पावसात, एका छत्रीत दोघींनी पाहिला. दोन तासांनी लोणारची गाडी मिळाली आणि ती आम्हाला पोचवेपर्यंत पार अंधार पडला.

लॉजच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी आमच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"संगं कोन हाये?"

"आम्ही दोघी आहोत."

"ते दिसून राह्यलं. संगं कोन हाये?"

"मी हिच्या संगं आहे आणि ही माझ्या," मैत्रीण म्हणाली. तिला हे उत्तर फार आवडलं होतं. त्यांना आवडलं नाही. खोल्या भरल्यात म्हणाले. त्यांच्या मागच्या फळीवर सगळ्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. बाहेर पाऊस मुसळधार. आणि त्या क्षणी माझ्याच तोंडून, आईच्याच सुरात, मी ऐकलं, "आमच्या मावशीच्या, म्हणजे थोरल्या मामीच्या भाचीचं सासर इथलं मेहकरचं आहे."

गृहस्थांनी चष्मा काढला. "मेहकरात कुठं?"

"बालाजीच्या देवळाजवळ." हे निव्वळ ठोकून दिलं. मेहकरचा बालाजी प्रसिद्ध आहे एवढंच मला माहीत होतं.

"मंग आमच्या साडूच्या गल्लीतलेच की! अगोदर सांगायचं ना, बाई." किल्ली खाली आली, पाठोपाठ चहा, आणि मग आतून त्यांच्या सौभाग्यवती आल्या, आमच्या ओल्या ओढण्या बघून त्यांनाच रागावल्या.

सकाळी विवर. काठावर उभं राहिलं की ते एका नजरेत मावत नाही. मान फिरवावी लागते. पावसानं आतल्या उतारावर हिरवं रान माजलेलं, आणि तळाला काळसर पाण्याची गोल थाळी. गोमुखाची गोड्या पाण्याची धार सोडून खाली उतरलो. दगड शेवाळलेले, वानरं आमच्यापेक्षा सराईत. पाण्याजवळ गेल्यावर नाकाला अंड्यासारखा उग्र वास आला, आणि चिखलानं मैत्रिणीची उजवी चप्पल घेतली ती परत दिलीच नाही. ती एका पायानं उभी, हातात डावी चप्पल, मागे पडझड झालेलं जुनं देऊळ, असा 36मधला एक फोटो आहे. आमच्या पुस्तकात विवराचं वय पन्नास हजार वर्षं दिलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी खडकांचं वय काढलं, ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. त्या सहलीपासून आतापर्यंत मी जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी झाले आणि ते पाच लाखांनी, त्यामुळे आरशासमोर मी हल्ली फार कुरकुर करत नाही.

निघताना लॉजच्या काकूंनी एक स्टीलचा डबा पुढे केला. "मेहकरले चालल्याच हा, तर एवढा आमच्या बहिणीले द्या. तिचाच हाय, कधीचा पडला." रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून त्यात गच्च कुरडया भरल्या होत्या. पासावर कुठंही जायला मोकळ्या आम्ही दोघी, एसटीत डबा मांडीवर घेऊन, त्यावर पावसाचं पाणी पडू नये म्हणून ओढणी धरून मेहकरला निघालो.

गल्ली सापडली, बहीण सापडली. वहिनींच्या भाचीचं सासर मात्र सापडलं नाही. "असं कोनी न्हाई इथं," त्या म्हणाल्या, क्षणभर आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं, जाऊ द्या. जेवल्याबिगर सोडत नसते मी." ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि आम्हीच वाहून आणलेल्या कुरडया तळून. तिसरी भाकरी वाढता वाढता माझं शिक्षण, वडिलांची नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं हे सगळं विचारून झालं. चौथीला त्यांचा पुतण्या आला, म्हणजे बोलण्यात. पुण्यात कंपनीत होता. मैत्रीण ताटात बघून हसत होती, तर तिलाही विचारलं.

शेगावला पोचलो ते आणखी एक डबा घेऊनच. दर्शन झालं, स्टेशनजवळ कचोरी झाली, भक्तनिवासात सपाट झोप झाली.

घरी आल्यावर आईला लेणी, विवर, वानरं सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता "हं, हं" करत होती. मेहकरचं जेवण सांगितलं तेव्हा लाटणं थांबलं.

"कोण होत्या त्या?"

"कोणी नाही गं. लॉजवाल्यांच्या बायकोची बहीण."

"आणि डबा त्यांचा? मग तो परत नको द्यायला?" आईनं हात पुसले, फडताळातून डायरी काढली, 'म'चं पान उघडलं आणि पेन शोधायला लागली.