करारावर नाव कुणाचं?

डोंबिवलीत मी उमेदीची दहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारांवर काढली. तरी भाचा म्हणाला, "मामा, डोमेन घेतलं," तेव्हा मी पेढे वाटले. 'घेतलं' म्हणजे भाड्याने, तेही एका वेळी फार तर १० वर्षांसाठी, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

हिच्या फराळाची वेबसाइट त्यानेच करून दिलेली. ऐन दिवाळीच्या तोंडावर हिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, ठाण्याच्या वन्सं विचारतायत, आपण चकल्या सोडून विमा विकायला लागलो का?" बघतो तर खरंच, चकलीच्या जागी विम्याच्या जाहिराती! डोमेनची मुदत संपली होती. आठवणीची पत्रं आली होती म्हणे, पण भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला, भाचा कॅनडात.

डॉट कॉमवाले तसे दयाळू. मुदत उलटल्यावर बहुतेक ठिकाणी थोडे दिवस नेहमीच्याच पैशांत नूतनीकरण होतं. मग महिनाभर जबर दंड भरून नाव सोडवता येतं. तेही हुकलं, तर घेईल त्याचं. आम्ही पहिल्याच पायरीवर सुटलो.

इथेच थांबायचं. पण मला वाटलं, आलोच आहोत तर होस्टिंगही स्वस्तातलं घेऊ. होस्टिंगचा कारभार जिथून चालतो, ते सी-पॅनेल उघडलं. केमिस्टच्या दुकानासारखे नुसते कप्पे, आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर कॅनडात झोपलेला. एका कप्प्यावर 'पार्क्ड डोमेन' वाचून बरं वाटलं; डोंबिवलीत कशाला तरी पार्किंग मिळालं. शेवटी झोन एडिटरमध्ये 'ए रेकॉर्ड' सापडला. नाव टाइप केलं की कुठल्या सर्व्हरच्या दारात जायचं, तो आकडी पत्ता तिथे असतो. नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिताना मी ५८च्या जागी ८५ लिहिलं. पोस्टमन शेजारच्या सोसायटीत.

चूक दुरुस्त केली. पण शेजारी 'टीटीएल १४४००' असं लिहिलेलं होतं. ते सेकंद, म्हणजे चार तास. एकदा विचारलेला पत्ता इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर तेवढा वेळ लक्षात ठेवतात, पुन्हा विचारायला येत नाहीत. त्यामुळे ठाण्यात वन्संना चकल्या दिसत होत्या आणि कल्याणात सासूबाईंना एरर.

"आईला दिसत नाही आणि वन्संना दिसतं?" ही म्हणाली. टीटीएल समजावणं सोपं होतं. हे अवघड होतं.

चार तास मी अनारसे तळले. आता नोंदीत हिचा ईमेल आहे आणि मुदतीची तारीख फ्रिजवर, गॅसच्या नंबराशेजारी. तुमच्याकडेही असा हुशार भाचा असेल, तर तो विमानात बसायच्या आत एवढं विचारून घ्या : डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे?