उल्हासनगरात आडवी

मुंबईकर पाहुणा आला की त्याला निसर्ग दाखवल्याशिवाय बदलापूरकराला घास उतरत नाही. आमचे भाऊजी तसलेच. त्यांनी आखलेल्या शनिवार-रविवारात कोंडेश्वरचा धबधबा होता. मे महिन्यात! गेलो. कातळ होता, उंची होती, पाणी तेवढं आपल्या मनानं घालायचं होतं. "पावसाळ्यात या वहिनी, पाय ठेवायला जागा नसते," भाऊजी म्हणाले. आता पाय ठेवायला जागा होती, पण ठेववत नव्हता.

रविवारी अंबरनाथ. शिवमंदिर शिलाहारांचं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चं. भिंतींवर तसूभर जागा कोरी नाही. पण चपला बाहेर काढलेल्या आणि फरशी तव्यासारखी तापलेली. एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत मी शिल्पं पाहिली. भिंतीवरच्या सुरसुंदरी त्या पवित्र्यात कशा आल्या असाव्यात, ते उमगलं. गाभारा पायऱ्या उतरून खाली, गारेगार. मी तिथून हलेना. लोकांना ती भक्ती वाटली. 

आणि मग उल्हासनगरचा कापडबाजार, भर दुपारी. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही गच्च भरलेल्या. प्रवासात बायकांची बाटली भरलेलीच राहते. प्यायलं की जायचं कुठे? जिथे सोय असते तिथे कुलूप असतं, कुलूप नसतं तिथे कडी नसते, आणि कडी असलीच तर आत पाय ठेववत नाही. वर "पाणी पीत जा गं!" हा सल्ला देणारे कुठल्याही भिंतीकडे तोंड करून मोकळे होणारे.

तिसऱ्या दुकानात दुकानदारानं राणी रंगाचं कापड उलगडलं आणि किंमत सांगितली. मी "बरं" म्हणाले. यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी घासाघीस न करता "बरं" म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. ते "काय होतंय?" विचारेपर्यंत राणी रंग काळा झाला आणि मी गादीवर, ताग्यांसकट, आडवी.

डोळे उघडले तेव्हा वैद्यकीय परिषद भरली होती. एकाचं मत कांदा हुंगवा, दुसऱ्याचं चप्पल. भाऊजी मोबाइलवर माझं निदान शोधत होते. यांनी मला उठवून बसवायला हात घातला, तोच मागून आवाज आला, "लेटने दो!" दुकानदाराची आई. तिनं माझ्या पायांखाली दोन तागे सरकवले. बरोबर होतं तिचं: घामावाटे पाणी गेलं की रक्ताचं आकारमान घटतं, उभ्या माणसाचं उरलेलं रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. मग मेंदू माणसालाच आडवं करून टाकतो.

मी नाव-गाव नीट सांगितल्यावरच तिनं भाजलेला पापड पुढे केला, वर पाणी, मग साखर-मिठाचं लिंबूपाणी. उन्हातून आलेल्याला पापड आणि पाणी, ही सिंधी घरांची रीत. ती कराचीहून आईच्या कडेवर आली होती, इथल्या निर्वासितांच्या छावणीत, जिला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं. "तब पानी की लाइन बहुत लंबी थी," एवढंच म्हणाली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. पापडाचा घास मला काही क्षण गिळता येईना.

साखर-मिठाच्या पाण्याची थोरवी सिद्ध झाली तीही निर्वासितांच्याच छावणीत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तसंच मिश्रण पिंपांतून लोकांना पाजलं. आतड्यात साखर मिठाला आत ओढते आणि मागोमाग पाणी जातं. इतकं साधं! पुढे यानं लाखो जीव वाचले.

तेव्हा उन्हात निघालात तर लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि मतं मागायला कुणी दारात आलं, तर बाकीचं सोडून आधी एवढंच विचारा, की बाजारातल्या बायकांच्या मुतारीची किल्ली कुणाकडे असते?