मुनीमजींचे परग्रह

मुनीमजींच्या कादंबरीत पृथ्वी तीनदा नष्ट होता होता राहिली आहे आणि तिन्ही वेळा कारण एकच: कापसाचा सीझन. ऑक्टोबर सरत आला की आदिलाबादच्या मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागते, जिनिंग सुरू होते आणि परग्रहावरचे आक्रमण थेट फेब्रुवारीपर्यंत तहकूब. ‘शत्रूला चंद्रापाशी थांबवून आलोय,’ असे ते वजनाच्या पावत्या फाडता फाडता सांगतात.

वय पन्नाशीच्या पुढे, पण साहित्यात नवोदित. वाचनाचे वेड मात्र शाळेपासूनचे. आधी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न, मग नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. दिवाळी अंकांसाठी नंदीग्रामने नांदेड गाठायचे आणि परतीच्या गाडीत किनवट येईस्तोवर निम्मा अंक संपवायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. आर्थर क्लार्कना ते क्लार्कसाहेब म्हणतात. साहेबांना श्रीलंकेत राहून अवकाशावर लिहिता येत होते, तर आदिलाबादेत काय अडते, असा त्यांचा सवाल. मला उत्तर सुचलेले नाही.

नारळीकरांवर तर त्यांची भक्तीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून केलेले हे नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या हातून लिहवून घेतली, आणि पहिले बक्षीस त्या जगतापांनी पटकावले. मुनीमजींनी हा मार्ग पायरी न चुकवता अनुसरायचे ठरवले. आद्याक्षरे उलटी केली. ती आहेत म. द. म. दोन दिवस खाली डोके वर पाय करून पाहिले तरी म. द. म.च. मग हस्तलिखित वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी अकरा पाने सुवाच्य उतरवली आणि बाराव्याच्या समासात लिहिले, ‘हे सगळे चार महिने यानात आहेत. डबा कोण करतंय?’

शास्त्र हवे तर ते अचूकच, या हट्टापायी मुनीमजी प्रकाशवर्षांचे गुणाकार खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानांवर करतात. एकदा मालकाने ते आकडे पाहिले आणि एवढी उधारी कोणाकडे थकली म्हणून त्याला घामच फुटला.

खरी गंमत अशी की गोष्ट दाराशी आली तरी मुनीमजी तिला ओळख देत नाहीत. मी एकदा म्हटले, ‘अहो, तुमच्या घरातच कालयंत्र आहे. आजोबांचे शेताचे कागद निजामाच्या उर्दूतले, वडिलांची शाळा मराठी, मुलगी तेलुगूत स्वप्ने बघते. १ नोव्हेंबर १९५६च्या पहाटे किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके जागचे न हलता मुंबई राज्यात जाऊन पडले. तुम्ही स्वतः जन्मलात आंध्रात, राहता तेलंगणात, आणि २०१६ला एका जिल्ह्याचे चार झाले तेव्हा घरात बसून होता.’ त्यावर थंडपणे म्हणाले, ‘त्यात काय सायन्स? ते रेव्हेन्यू खातं.’

डायनोसॉरचेही तेच. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात यामनपल्लीजवळ कोटासॉरसची हाडे निघाली. लांब मानेचे प्रचंड धूड. त्याचा सांगाडा आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. (आमच्याकडे जे काही मोठे निघते ते हैदराबादला जाते.) मुनीमजींच्या कादंबरीतला डायनोसॉर मात्र अमेरिकेचा.

यंदा सीझन संपल्यावर यार्डाजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी प्रकरण वाचून दाखवले. पहिली वीस मिनिटे कृष्णविवराची होती. त्यात दोन शेतकरी झोपले आणि एकाने उठून बैल सोडले. मग यान पृथ्वीवर उतरले. त्यातून एक पांढरा, मऊ, तंतूंचा माल बाहेर आला आणि पृथ्वीच्या अधिकाऱ्याने त्यात मीटर खुपसले. ओलावा चौदा टक्के! टपरी ताडकन जागी झाली. बारा टक्क्यांच्या वर गेलेला कापूस सरकारी केंद्रावर घेत नाहीत, हे यार्डात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

‘मीटर खोटं आहे,’ एक जण गरजला.

‘एवढ्या लांबून आणला, उन्हात पसरायला जागा तरी द्यायची!’

एक म्हातारबा पुढे सरकले. ‘पण रातीची गाडी काऊन काढली त्याईनं? दहिवर बसतेच ना मालावर.’

अंतराळात दहिवर पडत नाही, हे मुनीमजींनी परोपरीने समजावले. कोणी ऐकेना. तासभर वाद चालला. टपरीवाल्या अन्नाने दुसरा चहा लावला आणि खासगी व्यापारी परग्रहवासीयांना किती कटती लावील यावर पैजा लागल्या. मुनीमजी अपमानित होऊन घरी गेले. रात्री त्यांनी ते अख्खे दृश्य खोडले आणि त्या जागी गुरुत्वाकर्षणाची साडेतीन पाने घातली.

परवा यार्डात ते म्हातारबा भेटले. माझी बाही धरून त्यांनी मला हमालांच्या गर्दीतून बाजूला घेतले.

‘त्या वरच्या लोकाईचं काय झालं? भाव किती लागला मंग?’