संशयित इसम

चोरांच्या बातम्या सुरू झाल्या, की आमच्या आळीच्या गस्तीची शिट्टी आपोआप माझ्या गळ्यात येते. माणसाकडे एकदा पाहिलं की त्याच्या पोटातलं मला कळतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. पेणकराला नजरेतलं कळायचं नाही तर कुणाला?

आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात मोठा मान डोळ्यांच्या आखणीला. साच्यातून मूर्ती कुणीही काढेल, रंग कुणीही देईल. पण आखणीवाला बसला की शेजारचा रेडिओही हळू होतो. तो श्वास धरतो, बारीक ब्रश टेकवतो आणि शाडूच्या गोळ्याला आपण दिसायला लागतो. रेघ केसभर सरकली तर बाप्पा रागावलेला वाटतो. लहानपणी मी फार मागे लागलो, म्हणून एकदा मला उंदराचे डोळे आखायला दिले. माझा उंदीर स्वतःचा लाडू सोडून शेजारच्या गणपतीच्या मोदकाकडे बघत राहिला. अट्टल चोर! कारागीर म्हणाला, ‘‘त्याचा काय दोष? ब्रश तुझ्या हातात होता.’’

हे वाक्य मी चाळीस वर्षं विसरलो होतो.

परवा लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला रोह्याला गेलो. ‘धावीर महाराजांच्या देवळाजवळ कुणालाही विचार,’ असा मित्राचा पत्ता. विचारणं माझ्या शानीत बसेना. म्हणून भर पावसात, टोपी कानांपर्यंत ओढून, एकेका फाटकावरची पाटी वाचत हिंडलो. शेवटी ओट्यावरच्या एका आजींनीच हटकलं, ‘‘कोणाकडे जायचंय, बाबा?’’ मित्राचं घर त्यांच्या मागेच होतं.

परतीच्या मेमूत आळीच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. पाठमोरा माणूस, छत्री, पिशवी. ‘रोह्यात संशयित इसम. घरांवरच्या पाट्या वाचतो. पेणकरांनो, सावध!’ मी तत्परतेनं लिहिलं, ‘चालीवरूनच सराईत वाटतो.’ त्यावर चौदा अंगठे आले.

घरी बायकोनं फोन डोळ्यांजवळ धरला. ‘‘अहो, या छत्रीला ठिगळ मी लावलंय.’’

आम्ही खूप हसलो. रात्री मात्र झोप येईना. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. टोळीची अफवा आधीच मोबाइलवरून घरोघर पोचली होती. त्यांच्या छत्रीचं ठिगळ ओळखणारं तिथं कुणी नव्हतं.

गस्तीची शिट्टी अजून माझ्याकडेच आहे. पण ती वाजवण्याआधी मी आता विचारतो, ‘‘कोणाकडे जायचंय, बाबा?’’ आतापर्यंत प्रत्येकाला कुणाकडे तरी जायचंच होतं.