पाठांतराचा ब्रेड आणि आमची घटक चाचणी

चि. डोरेमॉन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्टूनमधल्या यंत्रमांजरा, तुझा जन्म 3 सप्टेंबर 2112 चा, म्हणजे मी तुझ्याहून चांगलीच वडीलधारी. त्या अधिकारानं हे पत्र.

घटक चाचणीच्या आदल्या रात्री आमच्या चिरंजीवांनी परिसर अभ्यासाची वही उघडली आणि लोणी लावलेला ब्रेडचा स्लाइस तिच्यावर दाबला. जेल पेनची निळी शाई लोण्यावर सुरेख उमटली. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत बाष्पीभवन पोटात गेलं होतं आणि सांद्रीभवन हातात होतं.

ही तुझीच शिकवण. पुस्तकाचं पान ब्रेडवर दाबायचं, ब्रेड खायचा, की सगळं पाठ! तुझ्या पोटावरच्या खिशातून विमान निघो, दरवाजा निघो, माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या भागाच्या शेवटी तू काय दाखवलंस? ज्याच्या घरी तू राहतोस त्या नोबितानं नको इतकं खाल्लं, त्याचं पोट बिघडलं आणि पाठ केलेलं सगळं संडासात वाहून गेलं. हे मुलांना सांगायची काय गरज होती?

कारण निळे दात दाखवत लेकानं मला विचारलं, "आई, पेपर झाल्यावर आपलंही जातंच ना सगळं? मागच्या चाचणीतलं मला काहीच आठवत नाही."

बाबा रे, आमच्या धंद्याचं गुपित होतं ते! गाइडं, 'अपेक्षित' प्रश्नसंच, 'इथून इथपर्यंत पाठ' अशा पेन्सिलीच्या खुणा, हा सगळा संसार एवढ्या एका गोष्टीवर पडदा टाकून चालला होता. तू तो बावीस मिनिटांच्या कार्यक्रमात फाडलास.

बाकी तक्रारी उरकते. तुझ्या हिंदी बोलण्यामुळे मराठी घरातलं पोर हट्टसुद्धा हिंदीत करतं. बांगलादेशानं याच हिंदीपायी 2013 मध्ये तुझा कार्यक्रम बंद केला, तेव्हा मी एकटीच चिडलेली नाही. नोबिता त्याच्या मैत्रिणीच्या, शिझुकाच्या, न्हाणीघरात टपकतो, हा विनोद नव्हे. आणि नोबिताच्या आईला ओरडण्यापलीकडे काही काम दे.

पण खरी आग वेगळीच आहे. चाचणीचा पेपर घरी आला. 'पाण्याच्या अवस्था सांगा' या प्रश्नाला पोरानं लिहिलं होतं : 'बर्फ वितळला की पाणी होतं, पाणी उकळलं की वाफ होते, झाकणावर वाफ गार झाली की परत पाणी.' झाकणावरचे थेंब त्यानं आमच्या कुकरशेजारी उभं राहून पाहिले होते. खाली लाल शाईत शेरा : 'वहीप्रमाणे लिहा.' अर्धा गुण कापलेला. अरे, चूक काय होती त्यात? एक शब्द तरी चूक होता का? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं म्हणून गुण कापायचा आणि ब्रेडवर छापून आणलेलं उतरवलं तर पूर्ण द्यायचा, मग ब्रेड काय वाईट? निदान त्याला लोणी तरी असतं!

तुझी चौकशी करावी म्हणून तुझ्या जन्मकथेवरचा 1995 चा चित्रपट पाहिला, आणि तिथे माझी पंचाईत झाली. कारखान्यातच तुझ्यात बिघाड झालेला. यंत्रमानवांच्या शाळेत तू ढ. शेवटी सगळ्यांची पारख झाली तेव्हा तुला कुणीच घेईना, आणि नोबिताच्या वंशातल्या रांगत्या सेवाशीनं बटण दाबलं म्हणून तुला घर मिळालं. वर त्याच घरात एका यांत्रिक उंदरानं तुझे कान कुरतडले. असा तू, शून्य मार्कांच्या पोराला सुधारायला काळ ओलांडून आलास. आणि तुझी यंत्रं बाजूला ठेवली तर रोज त्याला सांगतोस काय? 'अभ्यास कर.' म्हणजे माझंच वाक्य, आणि तुझंही कुणी ऐकत नाही.

एका नापासानं दुसऱ्या नापासाशेजारी वर्षानुवर्षं बसून राहायचं, हे आमच्याकडच्या कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत बसत नाही. तिथे फोटो फक्त पहिल्या आलेल्यांचे.

तरी राग गेलेला नाही. सोमवारी पुढचा पेपर आहे. उत्तरं मी वहीप्रमाणेच पाठ करून घेणार, कारण तो अर्धा गुण मला हवा आहे. तोवर रिमोट माझ्या कपाटात कुलूपबंद राहील. पेपरनंतर मात्र हवं ते विसरायला पोर मोकळं आहे. झाकणावरचे थेंब तेवढे तो विसरणार नाही.

कळावे,
नोबिताच्या आईच्या पक्षातली एक आई