नेदरलँड्समधली विष्णुपुरी

समाजमाध्यमांवरच्या डच पोस्टचे उत्पादन आइंडहोवनला होते. खप नांदेडच्या विष्णुपुरी, असर्जन आणि कौठ्यात. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून (स्थापना १९८१) निघालेला इंजिनिअर चिप छापण्याची यंत्रे करणाऱ्या एएसएमएलच्या टापूत नोकरीला लागला, की त्याला डच येण्याआधी डचमध्ये पोस्ट टाकावीशी वाटते. मधली उणीव चॅटजीपीटी भरून काढतो. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो.

कृती सोपी आहे. ‘दसऱ्याचा फोटो, चार ओळी, नम्र वाटलं पाहिजे’ एवढा हुकूम मराठीत सोडायचा. यंत्र आधी सगळ्यांचे आभार मानते, मग एक ट्युलिप चिकटवते. लिहिलेले कर्त्याला वाचता येत नाही, म्हणूनच ते त्याला फार सुंदर वाटते.

दुसऱ्याकडून लिहून घ्यायची ही सोय जुनीच. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणेही उर्दूतूनच. मराठी शेतकऱ्याला तक्रार करायची तर अर्जनवीस गाठावा लागे. शेतकरी सांगणार, ‘त्यानं माझा बांध कोरला.’ कागदावर आधी हुजुरांच्या दयेचा पूर, त्याच्या तळाशी कुठेतरी बांध. पण अर्जनवीस त्याच कचेरीच्या दारात बसे. कोणता साहेब कशाने बिथरतो हे त्याला ठाऊक असे, आणि अर्ज बिघडला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभा राही. यंत्रासमोर उभे राहायची सोय नाही.

यंत्राचे डच मात्र चोख असते. डच बोलणारे अडीच कोटींच्या आसपास. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी. तरी विकिपीडियावर डच लेख वीस लाखांवर (त्यातले बरेच बॉटने लिहिलेले, तेवढाच दिलासा) आणि मराठी लाखाच्या घरात. यंत्र असल्याच साठ्यावर पोसले जाते. नांदेडची बोली त्या साठ्यात जवळपास नाहीच.

त्याचा फटका गावाकडे बसतो. वडील ‘भाषांतर पहा’ दाबतात. फोनवर ‘काय करायलास, जेवलास का?’ विचारणाऱ्या माणसाला पोराची खबर मिळते ती ‘या अद्भुत प्रवासाबद्दल मी कृतज्ञ आहे’ अशी. पोरगा जन्मात असे बोललेला नाही. वडील ते शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि कोणी अर्थ विचारला तर ‘बरं चाललंय त्याचं’ म्हणतात. राग येतो तो इथे. मराठीतून निघालेले मराठीत परत आले, पण वाटेत घरचे बोलणे कुणीतरी काढून घेतले, आणि हे सगळे पोराच्या हौसेखातर.

शेवटचा टप्पा प्रतिक्रियांचा. डच शेजारी विचारतो, ती पाने कसली? यंत्र आपट्यावर दोन परिच्छेद देते. शेजारी ते वाचतो आणि जिन्यात भेटल्यावर इंग्रजीत पुन्हा तेच विचारतो. काकूच्या ‘खूप मोठा हो’ला मात्र यंत्राकडून उत्तर देऊ नये. ती लगेच फोन करते: ‘तब्येत बरी हाय ना रे?’