मौजे वलगाव, मार्गे बेलोरा

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले आणि वऱ्हाड व राजधानी यांमधील रात्रभराचे अंतर दोन तासांच्या आत आले, हे शासनाचे कर्तृत्व निर्विवाद असले, तरी विमानतळ अमरावतीच्या दक्षिणेस आणि मौजे वलगाव वायव्येस ठेवण्यात विधात्याने जी दूरदृष्टी दाखविली, तिच्यामुळे आकाशात वाचविलेला वेळ भूमीवर चुकता करण्याची तजवीज आपोआपच झाली आहे. ऑटोवाला प्रथम भाडे सांगतो आणि मग ‘वापस रिकामं या लागते न भाऊ’ या वऱ्हाडी न्यायसूत्राने ते दुप्पट करतो. राजकमल चौकाचे सक्तीचे दर्शन मात्र विनामूल्य. ज्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक पेढी नदीपाशी देह ठेवला, त्यांनी खराटा व गाडगे एवढ्याच सामानानिशी बहुतेक महाराष्ट्र पायीच पालथा घातला; त्यांना जादा वजनाचा आकार कोणीही लावू शकले नसते, हे मान्य. परंतु मुंबईकर जावयाजवळ चार बॅगा असतात, आणि त्या ऑटोत विराजमान झाल्यावर जावयाने कोठे बसावे, हा प्रश्न तूर्त कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही.